बोर्डीला जरूर जा, वाईनला मात्र नाही म्हणा



आपल्या लग्नघरांत गेल्या काही वर्षांत एक नवा विधी शिरला आहे. ना पंडितजींच्या यादीत त्याचं नाव, ना आपल्या आज्यांनी कधी तो ऐकला. नाव आहे बॅचलरेट पार्टी. लग्नाआधी नवरीने मैत्रिणींना घेऊन दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचं, सारख्या रंगाचे कपडे घालायचे, फोटो काढायचे. इथपर्यंत माझी काही हरकत नाही. पण आता त्याच्यात 'वाईन टूर' आली आहे, आणि आपण सगळ्या जणी तिकडे बघून न बघितल्यासारखं करतो आहोत.

आमच्याच घरातलं सांगते. धाकट्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मुलगी गुणी, नोकरी करणारी. तिच्या मैत्रिणींनी बेत आखला तो बोर्डीचा. आठ जणी, दोन दिवस. समुद्र, सुरूचं बन, चिकूच्या वाड्या आणि दुसऱ्या दिवशी चिकूच्या वाईनचं 'टेस्टिंग'. बेत घरच्या ग्रुपवर आला आणि दोन तट पडले. एक तट म्हणतो, "वाईन म्हणजे काय दारू आहे का? फळांचाच रस तो." दुसरा तट म्हणतो, "मुलीच्या जातीने लग्नाआधी असं हुंदडायला जाऊच नये."

मला हे दोन्ही तट मान्य नाहीत. दोघांनाही उत्तर द्यायचं म्हणून हे लिहिते आहे. आज आमच्या घरात आहे, उद्या तुमच्या घरात असेल.

आधी 'फळांचा रस' म्हणणाऱ्यांना. मी बी.कॉम. आहे, तेव्हा हिशेबानेच बोलते. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. साडेबारा टक्के धरा. वाईनचा एक पेला १५० मिलिलिटरचा. त्यात शुद्ध अल्कोहोल किती? १८.७५ मिलिलिटर. आता व्हिस्कीचा लहान पेग घ्या, ३० मिलिलिटरचा. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यात अल्कोहोल १२.८४ मिलिलिटर. म्हणजे वाईनच्या एका पेल्यात व्हिस्कीच्या एका लहान पेगाच्या जवळजवळ दीडपट अल्कोहोल आहे. ७५० मिलिलिटरची पूर्ण बाटली म्हणजे सात पेगांहून जास्त. "नुसती चव बघायची" म्हणून पाच प्रकार तीस-तीस मिलिलिटर दिले, तरी बेरीज १५० होते. एक पेला पुरा झाला. आता सांगा, घरातल्या मुलाने "मी दीड पेग घेतला" असं सांगितलं तर आपण "फळांचा रसच तो" म्हणू का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. जानेवारी २०२३ मध्ये याच जागतिक संघटनेच्या युरोप विभागाने स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. बायकांच्या बाबतीत स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. हा संबंध लावताना विज्ञान वाईन आणि देशी असा भेद करत नाही. बाटली देखणी असली म्हणून शरीर फसत नाही.

आता धर्माचं. मद्य, मांस, मधु या तिन्हींचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात मूलगुण सांगितले, त्यात हे तीन त्याग आहेत. म्हणजे हे मुनींचं व्रत नव्हे, कुणी फार धार्मिक बाईने घ्यायचा जास्तीचा नियमही नव्हे. जैन म्हणवून घ्यायची ही सुरुवात आहे. सप्तव्यसनांतही मद्य आहेच. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्याचा दोष दोन्ही बाजूंनी दाखवला आहे. ते तयार होताना त्यात असंख्य जीवांचा घात होतो, आणि ते पोटात गेल्यावर माणसाची बुद्धी जाते, मग हिंसा करताना हात थरथरत नाही.

आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. पिठाची मर्यादा आपण पाळतो. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. भिजवलेली कणीक उद्यावर ठेवत नाही. दह्याला मर्यादा, लोणच्याला मर्यादा. चव पालटली, वास पालटला की तो पदार्थ चलितरस झाला, ताटात येत नाही. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. आणि वाईन म्हणजे काय? फळाच्या रसात यीस्ट सोडून मुद्दाम दिवसेंदिवस आंबवत ठेवायचा, त्या सूक्ष्म जीवांना साखर खाऊ द्यायची आणि त्यांनी सोडलेलं अल्कोहोल प्यायचं. ज्या घरात कालची कणीक चालत नाही, त्या घरात ही बाटली कशी चालते? सांगा ना!

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ मुलींना ठाऊकच नाही. वाईन नितळ दिसावी म्हणून ती निवळवताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, हाडा-कातड्याचं जिलेटिन, किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. सगळेच वापरतात असं मी म्हणत नाही. मातीची पूड वापरणारेही आहेत. पण केकमध्ये अंडं आहे का म्हणून दुकानदाराला तीनदा विचारणारी आपली मुलगी पेला हातात घेताना एकदाही विचारत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि काहीच प्राणिज वापरलं नाही असं सिद्ध झालं, तरी आंबवणं आहेच. मद्य ते मद्यच.

"पण काकू, शेतकऱ्याचं भलं होतं ना!" हे ऐकून माझे कान किटले. २७ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हाही हेच कारण दिलं होतं. वाईन म्हणजे दारू नव्हे असं पुढारी टीव्हीवर सांगत होते. राज्यभर विरोध झाला आणि तो निर्णय बारगळला. मी सांगली जिल्ह्याची लेक. द्राक्षांच्या बागांत वाढले. आमच्याकडे आपल्या समाजाच्या कितीतरी घरांच्या बागा आहेत. द्राक्षाचं पीक म्हणजे काय, अवकाळी पावसाने एका रात्रीत काय होतं, हे मला पुस्तकातून शिकायला नको. पण आमची बाग जगवली ती खायच्या द्राक्षाने आणि तासगावच्या बेदाण्याने. वाईनची द्राक्षं वेगळी, शिराझ, कॅबर्ने, शेनिन अशा जातींची. महाराष्ट्रात पिकणाऱ्या एकूण द्राक्षांपैकी अगदी थोडी वाईनला जातात. पलूसला सरकारने वाईन पार्क काढला, म्हणून तासगावचा बेदाण्याचा सौदा बंद पडला नाही. शेतकऱ्याचा एवढा कळवळा असेल तर लग्नात पाहुण्यांना बेदाण्याचा पुडा द्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोन पेट्या मागवा, रुखवतात मांडा. बोर्डीच्या वाडीवाल्याला पैसा मिळेल आणि तुमचा नियमही राहील.

बोर्डीच्या वाईनवाल्यांवर माझा राग नाही, हेही सांगते. चिकू फार लवकर पिकतो आणि लवकर नासतो. बाजारात भाव पडला की वाडीवाला हवालदिल होतो. त्यातून वाट काढायला कुणी चिकूची वाईन केली. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळवलं. ज्यांच्या धर्मात, ज्यांच्या रीतीत ते बसतं, त्यांचं ते बघतील. मी त्यांच्या घरात डोकावत नाही. आपल्या शास्त्रात मात्र श्रावकाने टाळायचे जे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांत रसवाणिज्य आहे. म्हणजे मद्य विकणंही आपल्याला वर्ज्य. मग पैसे भरून प्यायला जाणं कुठे बसतं?

हे झालं पहिल्या तटाचं. आता दुसऱ्या तटाकडे वळते, आणि इथे माझ्या वयाच्या काही जणी रागावतील. रागावा.

"मुलीने असं जाऊच नये" म्हणणाऱ्या त्याच बायका, मुलाची बॅचलर पार्टी गोव्याला झाली तेव्हा कुठे होत्या? आपल्या समाजातल्या किती नवऱ्या मुलांच्या पार्ट्या बागा-कळंगूटला होतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. परत आल्यावर डोळे लाल, बॅगेत कोरे मोजे तसेच, आणि आई म्हणते, "दमलाय हो, मित्रांनी झोपू दिलं नाही." तेव्हा ग्रुपवर एक अक्षर उमटलं नाही. हळदीच्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत, गाडीच्या डिकीत काय चालतं तेही सगळ्यांना माहीत आहे. घरचे कर्ते पुरुष स्वतः 'सोय' करतात आणि त्या खर्चाला यादीत 'इतर' म्हणतात. मी कॉमर्सची आहे, 'इतर'मध्ये काय दडवतात ते मला कळतं.

मुलाने घेतली तर मौज आणि मुलीने घेतली तर घराण्याला बट्टा, हा धर्म नव्हे. मूलगुणांच्या श्लोकात 'फक्त श्राविकांसाठी' असं कुठे लिहिलेलं नाही. नियम दोघांना सारखा असेल तर तो नियम. एकाला लागू आणि दुसऱ्याला माफ असेल तर तो नुसता पहारा, आणि आजच्या मुली पहारा बरोबर ओळखतात. आमच्या पुतणीने मला सरळ विचारलं, "मोठी काकू, दादाच्या गोव्याच्या वेळी तुम्ही सगळ्या गप्प का होतात?" मी त्या वेळी गप्प नव्हते. दादाच्या आई-वडिलांना मी तोंडावर बोलले होते आणि दोन महिने बोलणं बंद होतं. पण प्रश्न तिचा बरोबर होता. बाकी अठरा जणी गप्प होत्या.

मैनासुंदरीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. ती काही मान खाली घालून 'हो' म्हणणारी मुलगी नव्हती. राजा असलेल्या बापासमोर उभी राहून, माझं सुखदुःख माझ्या कर्माने ठरेल, तुमच्या मेहेरबानीने नाही, असं सांगणारी ती होती. श्रीपाल समुद्रात ढकलला गेला आणि कोकणच्या काठाला लागला, तो आपल्या ठाण्यालाच, असं कथेत आहे. टेंभी नाक्याजवळच्या मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिराला म्हणूनच एवढं महत्त्व. शीळफाट्याहून तासाभराच्या वाटेवर ते आहे, तुम्ही सगळ्या जाऊन आला असाल. त्या कथेतून आपण मुलींना काय शिकवायचं? घराबाहेर पाऊल टाकू नका, हे? की पाऊल कुठेही पडलं तरी आपला नियम सोडू नका, हे?

आणि खरा प्रश्न इथेच आहे. त्या आठ जणींत एक मुलगी अशी आहे जिने दोन वर्षांपूर्वी महाराजांसमोर मद्यत्यागाचा नियम घेतला आहे. आमच्याच नात्यातली. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, मी नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस होईल. एक घोट ओठाला लावून ठेवून देऊ का?" तिला धमकी कुणी दिली नव्हती. कुणी जबरदस्तीही केली नव्हती. फक्त बेतच असा होता की त्यात तिला जागा नव्हती. वरून खर्चाची वाटणी सारखी. म्हणजे जी पिणार नाही तिनेही पिणाऱ्यांच्या पेल्याचे पैसे भरायचे. कॉस्टिंगचा पहिला धडा असा की ज्याच्यामुळे खर्च झाला त्याच्या नावावर तो टाकावा. इथे नियम पाळणारीला दंड आणि मोडणारीला सवलत!

ज्या मुलीने स्वतःहून, समजून-उमजून नियम घेतला, तिला तो मोडायला आपल्याच घरचं लग्न भाग पाडत असेल, तर त्याचं पाप फक्त तिच्या माथी कसं? बेत ऐकून "जाऊ दे, पोरींची हौस" म्हणणाऱ्या आपणही त्यात आलो. तिला मी सांगितलं, घोट ओठाला लावायचा नाही आणि सहलही सोडायची नाही. तोंडाने 'मी घेत नाही' म्हण. तीन शब्द आहेत, आणि त्यांना कारण जोडायची गरज नाही.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडे बघा. दारूचं दुकान बंद करायला त्या मतदान करतात, उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला मत दिलं की दुकानाला टाळं लागतं. मजुरी बुडवून त्या रांगेत उभ्या राहतात, कारण दारूने घर कसं धुऊन नेलं ते त्यांनी पाहिलं आहे. त्या बायका बाटली आडवी करतात, आणि आपण सुशिक्षित, खात्यापित्या घरच्या बायका आपल्या लेकीच्या लग्नात तीच बाटली रिबीन बांधून उभी करायची? लाज वाटली पाहिजे.

गाडीचंही बोलते. शीळफाट्यावर राहणाऱ्यांना कंटेनरच्या रांगा आणि रात्रीचे अपघात नवे नाहीत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टेस्टिंग करून बोर्डीहून परत गाडी कोण चालवणार, हे त्या बेतात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नुसतं 'नको' म्हणून मी थांबत नाही. नुसत्या नकाराने मुली दूर जातात. मी पुतणीला दुसरा बेत करून दिला. दिव्याहून वसईची गाडी, वसई-विरारला गाडी बदलून डहाणू रोड, पुढे रिक्षाने बोर्डी. गाडी चालवायची चिंता नाही. पहिल्या दिवशी चिकूची वाडी आणि झाडाखाली बसून चिकू. दिवसाउजेडी जेवण, मग समुद्रावर सूर्यास्त. बोर्डीचा किनारा लांबच लांब सपाट आहे, गप्पा मारत चालायला त्याच्यासारखी जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वली धरण, आणि डहाणूकडे येऊन वारली चित्रं काढायला शिकणं. जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नवरीच्या ओढणीवर आठही मैत्रिणींनी एकेक वारली चित्र काढावं, ती ओढणी जन्मभर राहील. वाईनचा फोटो दोन दिवसांत खाली सरकतो.

पूर्वी केळवण होतं. घरोघरी नवरीला बोलावून तिच्या आवडीचं जेवू घालायचे, ओटी भरायचे, मैत्रिणी नावं घ्यायला लावायच्या, रात्र रात्र हसणं चालायचं. मैत्रिणींची मौज आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. मुली लग्नानंतर चार दिशांना जातात, त्याआधी दोन दिवस त्यांना एकमेकींचे मिळाले तर त्यात वाईट काय? मी तर म्हणते, घरातून पैसे द्या आणि पाठवा. माझ्याकडून मी आठही जणींचं तिकीट आणि एक वेळचं जेवण दिलं आहे. अट एकच, बिलात मद्याची ओळ नको.

तुम्हा सगळ्यांना माझी मागणी आहे. लग्न ठरतं त्या बैठकीत देण्याघेण्याचं, हॉलचं, जेवणाचं सगळं बोलतो. तिथेच दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांसमोर हेही बोला: मुलाची पार्टी असो की मुलीची, हळद असो की संगीत, मद्य नाही. मुलाकडच्यांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. हे ऐकून ज्यांना राग येतो, त्यांच्या घरी लेक द्यायची का, हाही विचार त्याच बैठकीत होऊन जाऊ दे.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे आणि घरात सगळ्यांना सांगितलं आहे. ज्या लग्नात मागच्या खोलीत बार असेल, तिथे मी अक्षता टाकीन, मुलांना आशीर्वाद देईन आणि पाण्याचा घोटही न घेता घरी येईन. लग्न पुतण्याचं असो, भाच्याचं असो की उद्या माझ्या स्वतःच्या नातवाचं. तुमच्यापैकी दहा जणींनी जरी असं केलं, तरी पुढच्या लग्नसराईत हॉलच्या मागच्या खोलीला कुलूप लागेल.

जय जिनेंद्र.